कलमाचा चाकू घट्ट झालाय? पाते सहज उघडण्यासाठी सांधा असा जुळवा

कोकणात पावसाळ्यात आंब्याची कोय कलमे आणि काजूची मृदकाष्ठ कलमे बांधली जातात. नाशिक-सांगली भागात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डॉगरिज खुंटावर द्राक्षाचे कलम होते. विदर्भात थंडीच्या दिवसांत जंबेरीच्या रोपांवर संत्र्याचे डोळे भरले जातात. या सगळ्या कामांत एक अवजार सतत हातात असते, ते म्हणजे घडीचा कलम चाकू. खुंट, काडी, पट्टी, पिशवी यांची तयारी आपण आठवडाभर आधी करतो. चाकू मात्र कामाच्या दिवशी सकाळी खिशातून काढतो आणि तेव्हा कळते, की पाते उघडतच नाही.

घट्ट चाकूमुळे दोन प्रकारचे नुकसान होते. पहिले हाताचे. पाते अडले की आपण जोर लावतो. ते अचानक सुटते आणि बोट धारेवर जाते. दुसरे नुकसान कलमाचे. पाते अडते म्हणून अनेक जण सांध्याचा स्क्रू भरपूर सैल करतात. मग पाते उघडते खरे, पण कापताना डावी-उजवीकडे डुलते. डुलणाऱ्या पात्याचा काप सपाट येत नाही, आणि सपाट काप नसेल तर काडी आणि खुंट एकमेकांना नीट चिकटत नाहीत.

म्हणून या लेखातील मुख्य सूचना आधीच सांगतो : चाकू घट्ट झाला की आधी सांधा साफ करावा, मग तेल द्यावे आणि स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावावा. बहुतेक चाकू पहिल्या दोन पायऱ्यांतच मोकळे होतात.

चाकूचा सांधा कसा चालतो?

कलमाच्या साध्या घडीच्या चाकूत चार भाग महत्त्वाचे असतात.

• पाते : याच्या मागच्या जाड टोकाला आपण बुंधा म्हणू. बुंध्याला आरपार भोक असते.
• सांध्याची कील : बुंध्याच्या भोकातून जाणारी. काही चाकूंत ती ठोकून पक्की केलेली रिव्हेट असते, तर काहींत स्क्रू असतो.
• बाजूच्या पट्ट्या : मुठीच्या आतल्या पितळी किंवा लोखंडी पट्ट्या. पात्याचा बुंधा या दोन पट्ट्यांच्या मध्ये फिरतो.
• पाठीची स्प्रिंग : मुठीच्या पाठीला असलेली पोलादी पट्टी. ती बुंध्यावर सतत दाब देते. त्यामुळे पाते उघडे असताना उघडे आणि बंद असताना बंद राहते.

म्हणजे पाते तीन ठिकाणी घासते : कीलेभोवती, दोन्ही बाजूच्या पट्ट्यांना आणि पाठीच्या स्प्रिंगला. पाते अडत असेल तर दोष या तीनपैकी कुठेतरी असतो. तो शोधल्याशिवाय स्क्रू फिरवू नये.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा बहुतेक चाकूंना वेगळे कुलूप नसते. पाते जागेवर धरून ठेवण्याचे काम एकटी स्प्रिंग करते. त्यामुळे चाकू ‘हलका’ करण्यासाठी स्प्रिंग घासणे, वाकवणे किंवा तापवणे कधीही करू नये. स्प्रिंग कमजोर झाली, तर कापताना पाते बोटांवर मिटू शकते.

पाते का अडते?

चीक : आंबा, काजू, चिकू, अंजीर यांचा चीक पात्यावरून ओघळत सांध्यात जातो आणि तेथे वाळून डिंकासारखा घट्ट होतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही.

गंज : साध्या पोलादाच्या पात्याला धार चांगली येते, पण ते लवकर गंजते. ओला चाकू मिटून खिशात ठेवला की पाणी सांध्यातच राहते. वरून पाते चकचकीत दिसते आणि आत बुंधा लाल झालेला असतो.

खाण्याचे तेल : घरात हाताशी असते म्हणून शेंगदाणा, करडई किंवा सोयाबीनचे तेल सांध्यात सोडले जाते. दोन दिवस चाकू छान चालतो. पुढे तेच तेल हवेने घट्ट, चिकट होते आणि धूळ धरते. गोठलेले खोबरेल तेलही थंडीत हाच त्रास देते.

माती आणि सालीचे तंतू : मिटलेल्या चाकूच्या खोबणीत माती, सालीचे धागे, कलम पट्टीचे तुकडे साचतात.

फुगलेली मूठ : स्वस्त चाकूंत लाकडी मुठीच्या आत धातूची पट्टी नसते. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळते. उन्हाळ्यात सहज चालणारा चाकू जुलैमध्ये अडतो, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

सांध्याचा ताण : स्क्रू जास्त आवळला गेला किंवा रिव्हेट जास्त ठोकली गेली, तर बाजूच्या पट्ट्या बुंध्यावर दाबल्या जातात.

वाकलेला भाग : चाकूने डब्याचे झाकण उचकटणे, तार पिळणे, खुंट फोडताना पाते आडवे दाबणे, यामुळे पाते किंवा पट्टी वाकते. मिटताना पाते मधोमध न बसता एका बाजूला घासते.

आधी ओळखा, मग हात लावा

चाकू उजेडात धरून सावकाश उघडावा आणि मिटावा. पुढील खुणांवरून कारण लक्षात येते.

• सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखे जड वाटते : चीक, जुने तेल किंवा सांध्याचा जास्त ताण.
• मध्येच एका जागी अडते आणि करकर आवाज येतो : गंज, माती किंवा वाळूचा कण.
• सकाळी अडते, दुपारी कोरड्या हवेत बरे चालते : फुगलेली लाकडी मूठ.
• मिटलेले पाते एका बाजूला टेकलेले दिसते : पाते किंवा पट्टी वाकलेली.
• सहज उघडते, पण उघडे पाते बाजूला हलते : स्क्रू किंवा रिव्हेट सैल.

काही चाकूंचे पाते अर्धे उघडल्यावर क्षणभर थांबते. दोन्ही दिशांना ते बरोबर काटकोनात थांबत असेल आणि आवाज करकरीत नसेल, तर ती चाकूची मूळ रचना आहे. तो दोष समजून दुरुस्त करू नये.

कामाला बसण्यापूर्वी

लागणारे साहित्य घरात किंवा गावातल्या दुकानात मिळते : जुना दात घासायचा ब्रश, नारळाच्या खराट्याचा हीर, सुती फडके, स्पिरिट, शिलाई मशीनचे तेल, स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.

ट्यूबचा तुकडा पात्याच्या लांबीचा कापून उघड्या पात्यावर मोज्यासारखा चढवावा. धार झाकली जाते आणि पाते धरायला पकडही मिळते. पाते मिटायची वेळ आली की ट्यूब काढावी आणि बोटे खोबणीपासून दूर ठेवावीत. खाली बसून, मांडीवर न ठेवता टेबलावर किंवा पाटावर काम करावे. मुले जवळ नसावीत. स्पिरिट लवकर पेट घेते, म्हणून चूल, बिडी-सिगारेट, दिवा यांपासून दूर आणि मोकळ्या हवेत बसावे.

पाते अजिबात उघडत नसेल तर पक्कडीने ओढू नये. पात्याच्या पाठीला ट्यूबचा तुकडा लावून अंगठा आणि तर्जनीने धरावे. धारेची बाजू शरीरापासून दूर असावी. तरीही उघडले नाही तर सांध्यावर गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचे दोन-तीन थेंब सोडून चाकू रात्रभर ठेवावा आणि सकाळी पुन्हा प्रयत्न करावा.

पायरी १ : सफाई

१. पाते उघडून खोबणीतील माती, तंतू हिराने कोरून काढावेत. लोखंडी खिळा किंवा सुई वापरू नये, त्याने पितळी पट्टीवर ओरखडे पडतात.

२. सांध्यावर दोन्ही बाजूंनी स्पिरिटचे तीन-चार थेंब सोडावेत. दोन-तीन मिनिटे थांबून पाते सावकाश पंधरा-वीस वेळा उघडावे, मिटावे. काळपट, चिकट पाणी बाहेर येईल. ते फडक्याने पुसावे. स्वच्छ थेंब येईपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे.

३. आंबा-काजूचा जुना चीक स्पिरिटने सुटला नाही, तर रंगकामाचे टर्पेंटाइन वापरता येते. मूठ प्लॅस्टिकची असेल तर आधी एका कोपऱ्यावर थेंब लावून पाहावा. काही प्लॅस्टिक त्याने मऊ पडते.

४. बुंध्याचा जो भाग दिसतो, त्यावरील गंज अगदी बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढावा. पॉलिश पेपर धारेपर्यंत नेऊ नये. स्प्रिंगच्या टोकाशी घासून खोलगटपणा करू नये.

५. मूठ पूर्ण धातूची किंवा प्लॅस्टिकची असेल, तर शेवटी कोमट साबणाच्या पाण्याने सांधा धुऊन स्वच्छ पाण्याने खळखळून काढावा. चाकू अर्धवट उघडा ठेवून पूर्ण वाळवावा.

६. लाकडी मूठ पाण्यात बुडवू नये. ती आधीच फुगली असेल तर चाकू उघडून दोन-तीन दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. चुलीवर किंवा कडक उन्हात वाळवल्यास लाकूड तडकते आणि मूठ रिव्हेटपासून सुटते. लाकूड वाळल्यावर मुठीला बाहेरून जवसाच्या तेलाचा पातळ हात दिल्यास ती कमी ओल धरते. हे तेल सांध्यात जाऊ देऊ नये, कारण ते वाळून घट्ट होते.

पायरी २ : तेल

सांधा पूर्ण कोरडा झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब तीन ठिकाणी द्यावा : कीलेच्या दोन्ही बाजूंना आणि स्प्रिंग बुंध्याला जिथे टेकते तिथे. पाते वीसेक वेळा उघडावे, मिटावे. बाहेर आलेले तेल पुसून घ्यावे. पुसलेले तेल काळे असेल तर आत अजून मळ आहे, पुन्हा एक थेंब देऊन पुसावे.

जास्त तेल म्हणजे जास्त चांगले, असे नाही. जादा तेल पात्यावरून धारेकडे उतरते. तेलकट धारेने काप घेतला तर तेलाचा थर काडीच्या ताज्या कापावर लागतो आणि जोड भरून येण्यात अडथळा येतो. म्हणून तेल दिल्यानंतर आणि कलम सुरू करण्यापूर्वी पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे.

ग्रीस, इंजिनचे जळके तेल आणि खाण्याचे तेल सांध्यात घालू नये. गंज सोडवणारे स्प्रे सांधा मोकळा करायला उपयोगी आहेत, पण त्यानंतर सांधा पुसून शिलाई मशीनचे तेल द्यावेच लागते.

नवा चाकूही अनेकदा घट्ट असतो. कारखान्यात घासकाम करताना राहिलेला बारीक मळ सांध्यात असतो. तो वरीलप्रमाणे साफ करून, तेल देऊन पन्नासेक वेळा उघडझाप केली की चाकू रुळतो. नव्या चाकूचा स्क्रू पहिल्याच दिवशी सैल करू नये.

पायरी ३ : ताण जुळवणे

सफाई आणि तेल देऊनही पाते जड चालत असेल तरच ही पायरी घ्यावी.

स्क्रूचा सांधा असल्यास

• पेचकस खाचेत घट्ट बसला पाहिजे. लहान-मोठा पेचकस वापरल्यास खाच झिजते आणि पुढे स्क्रू फिरतच नाही. ताऱ्याच्या आकाराची खाच असेल तर त्याच मापाचा पेचकस आणावा.
• स्क्रू डावीकडे अगदी थोडा फिरवावा. घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत जितका सरकतो, तितकाच.
• कील दुसऱ्या बाजूनेही फिरत असेल तर ती बाजू दुसऱ्या पेचकसाने धरून ठेवावी.
• प्रत्येक वेळी फिरवल्यावर पाते दहा वेळा उघडून-मिटून पाहावे आणि बाजूला हलते का ते तपासावे.
• पाते सहज उघडू लागले आणि बाजूला हलत नाही, त्या जागी थांबावे. हलू लागले तर निम्मे परत आवळावे.

काम करताना स्क्रू आपोआप सैल होत असेल, तर तो काढून आट्यांवरचे तेल स्पिरिटने पुसावे आणि आट्यांना स्क्रू पक्का करणाऱ्या मध्यम ताकदीच्या द्रावाचा अगदी बारीक थेंब लावावा. झटपट चिकटणारा डिंक वापरू नये. तो बुंध्यात उतरला तर पाते जाम होते.

रिव्हेटचा सांधा असल्यास

रिव्हेट सैल करता येत नाही. घट्ट रिव्हेटवर सफाई, तेल आणि उघडझाप हाच उपाय आहे. रोज पाच मिनिटे याप्रमाणे तीन-चार दिवस करावे. तरीही फरक पडला नाही तर अवजारे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्यावा. पट्ट्यांच्या मध्ये पेचकस घालून फाकवल्यास मूठ वाकते आणि चाकू कायमचा बिघडतो.

सैल रिव्हेट मात्र घरी आवळता येते. पाते उघडून धार झाकावी. रिव्हेटचे एक डोके जाड लोखंडावर टेकवावे. बुंधा आणि पट्टी यांच्या फटीत वहीच्या कागदाचा तुकडा सरकवावा. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त आवळले जात नाही. लहान हातोडीने वरच्या डोक्यावर दोन-तीन हलके ठोके द्यावेत, कागद काढून तपासावे आणि लागले तरच पुन्हा ठोकावे. रिव्हेट एकदा जास्त बसली की मागे येत नाही.

पाते किंवा पट्टी वाकलेली असेल तर घरी ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. कडक पोलादाचे पाते तुटून उडू शकते.

चाकू जुळला हे कसे ओळखावे?

पुढील चार तपासण्या कराव्यात.

१. पात्याच्या खाचेत नख अडकवून, नख न दुखता पाते उघडले पाहिजे.
२. उघडे पाते पाठीकडून धरून डावी-उजवीकडे हलवल्यास सांध्यात हालचाल जाणवू नये.
३. मिटलेला चाकू उलटा धरून हलका झटकल्यास पाते बाहेर येऊ नये. येत असेल तर स्प्रिंग कमजोर आहे. असा चाकू खिशात ठेवू नये आणि कलमालाही वापरू नये.
४. पेन्सिलीच्या जाडीच्या दोन काड्यांवर एकाच ओढीत तीन-चार सेंटिमीटर लांब तिरका काप घ्यावा. दोन्ही काप एकमेकांवर टेकवून उजेडात धरावेत. मधून उजेड दिसला तर काप सपाट नाही.

चौथी तपासणी सगळ्यात महत्त्वाची. साल आणि खोडाचे लाकूड यांच्या मध्ये कॅम्बियमचा पातळ जिवंत थर असतो. काडी आणि खुंट यांचे हे थर एकमेकांना टेकले तरच कलम जुळते. मध्ये पोकळी राहिली तर तेथे हवा आणि पाणी शिरते, काप वाळतो किंवा कुजतो. उजेड दिसण्याची कारणे दोन असू शकतात : बोथट धार किंवा डुलणारे पाते. दुसऱ्या तपासणीत पाते पक्के आढळले असेल, तर धारेकडे लक्ष द्यावे. कलमाच्या अनेक चाकूंना धार एकाच बाजूने असते. अशा पात्याची सपाट बाजू दगडावर सपाटच ठेवावी, तिला दुसरी धार पाडू नये.

निर्जंतुकीकरण आणि सांधा

एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना चाकू निर्जंतुक करणे आवश्यक आहे. पण दिवसभर अख्खा चाकू स्पिरिटमध्ये बुडवल्यास सांध्यातील तेल धुऊन जाते आणि चार दिवसांत पाते पुन्हा अडू लागते. म्हणून चाकूचे टोक खाली धरून फक्त पाते बुडवावे, सांधा बाहेर ठेवावा.

संत्रा-मोसंबीत एक्झोकॉर्टिससारखे व्हायरॉईडचे रोग चाकूतून पसरतात. ते स्पिरिटने नष्ट होत नाहीत. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण शिफारशीप्रमाणे वापरावे लागते. हे द्रावण पोलाद लवकर गंजवते. त्यामुळे काम संपल्यावर पाते स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडे करून, सांध्याला तेल देणे त्याच दिवशी करावे. हे द्रावण आम्लयुक्त कोणत्याही पदार्थात मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

रोजची आणि हंगामाची निगा

• रोज संध्याकाळी : पाते पुसावे, खोबणी हिराने साफ करावी, कोरडा करूनच मिटावा. सांध्याला एक थेंब तेल द्यावे.
• आठवड्यातून एकदा : स्पिरिटने सांधा धुऊन नव्याने तेल द्यावे. आंबा-काजूच्या कलमांत हे दोन वेळा करावे.
• हंगाम संपल्यावर : पूर्ण सफाई करून पात्यालाही तेलाचा पातळ हात द्यावा आणि कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावा. चामड्याच्या म्यानात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल साचते, म्हणून दीर्घकाळ त्यात ठेवू नये.
• हंगामाच्या आठ दिवस आधी : चारही तपासण्या कराव्यात, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.

कृषी सहायक आणि प्रशिक्षकांसाठी

कलम प्रशिक्षणात पहिली वीस मिनिटे चाकूसाठी ठेवावीत. प्रत्येकाचा चाकू उघडून, हलवून पाहावा. घट्ट आणि सैल चाकू वेगळे काढून तेथेच साफ करून घ्यावेत. शिकाऊ हातांना बहुतेक जखमा चाकू उघडताना, मिटताना आणि काडीवर जोर लावताना होतात. सोबत स्वच्छ पट्टी, कापूस आणि साबण ठेवावा. बोट कापल्यास जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुऊन, स्वच्छ कापडाने दाबून धरावी. जखम खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा बोट बधिर वाटत असेल, तर लगेच दवाखान्यात जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे. मातीत काम करणाऱ्यांसाठी लहान जखमही दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

थोडक्यात

पाते अडले की क्रम असा ठेवावा : कारण ओळखणे, सफाई, वाळवणे, थेंबभर तेल, तपासणी आणि गरज असेल तरच स्क्रूला किंचित फिरकी. सहज उघडणारे, पण बाजूला न डुलणारे पाते हे आपले उद्दिष्ट आहे. यातली एक बाजू साधून दुसरी बिघडली, तर बोट वाचेल पण कलम जाईल, किंवा कलम जुळेल पण बोट जाईल.